हलगी कुणाच्या दारात वाजवायची?

(वाळवा तालुक्यातल्या तरुणांच्या शिबिरात १ ऑगस्टला केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलणं बहुतेक तसंच ठेवलं आहे.)



मघाशी चौकात अण्णा भाऊंच्या फोटोला हार घालताना उभा होतो. हार तीन आले. एक लाल फितीचा, एक निळ्या फितीचा, एक भगव्या फितीचा. तिन्ही हारवाले एकमेकांकडं न बघता आले आन् न बघता गेले. फोटोतला माणूस आपला समोर रस्त्याकडं बघत होता. त्या फोटोवर मी बोलणार नाही. फोटोवर बोलणारे आज महाराष्ट्रभर पाचपन्नास हजार असतील, माईकसकट.

चहाच्या वेळी एका पोरानं मला बाजूला घेतलं. नाव सांगत नाही, तो इथंच बसलाय. म्हणाला, सर, मी आयटीआय केलंय. वडील हलगी वाजवतात. मलाही येते, वडलांपेक्षा बरी येते. बेंदराला बैलांच्या मिरवणुकीपुढं गाव आम्हालाच बोलावतं. दोस्त म्हणतात, लाज वाटत नाही का, बाबासाहेबांनी सांगितलंय सोडा असली कामं. वडील म्हणतात, ही कला हाय, पोटाला दिलंय हिनं. मी काय करू? वाजवू का नको?

मी चहाचा कप हातात घेऊन तसाच उभा राहिलो. कारण हा प्रश्न माझ्या घरातला आहे. तर आजचं भाषण म्हणजे त्या पोराला उत्तर समजा. उत्तर निघेलच, असं मी लिहून देत नाही.

अण्णा भाऊंना आपण कादंबरीकार म्हणतो. बरोबर आहे. पस्तीसेक कादंबऱ्या लिहिल्या त्यांनी, कथा लिहिल्या, ‘फकिरा’ लिहिली. पण लेखणी फार उशिरा आली. त्याआधी त्या हातात वाद्यं आली. पेटी, तबला, ढोलकी, सारंगी, बुलबुल. बुलबुल म्हणजे ज्याला आपण बेंजो म्हणतो तो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, जयंतीला गाडीवर असतो तो. कुठल्या उस्तादाकडं गंडा बांधला नव्हता. क्लास नव्हता. हातानं शिकले, कानानं शिकले. आधी वाजवणारा, मग गाणी रचणारा, मग लेखक, अशी ही वाट आहे, आन् अभ्यासक मंडळी ती उलटीकडनं सांगतात. आधी थोर साहित्यिक, मग शेवटच्या परिच्छेदात ‘ते शाहीरही होते’. का, तर कादंबरी कपाटात राहते आन् ढोलकी घाम मागते.

आता वाटेगाव. आज आपण म्हणतो सांगली जिल्हा. १९२० साली १ ऑगस्टला तुकाराम भाऊराव साठे जन्मला तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आन् वाळवा तालुका इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होता. पुढं १९४९ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६०ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणून आता सातारकर म्हणतात अण्णा भाऊ आमचे, सांगलीकर म्हणतात आमचे. मांगवाड्याला तेव्हा दोघांपैकी कुणी ‘आमचा’ म्हटलं नव्हतं. सरकारनं तर १८७१ साली कायदाच केला होता, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवणारा. पाळण्यातलं पोरही त्यात आलं. चोरी कुठंही होऊ दे, हजेरी आपली. हा फास निघाला १९५२ला. म्हणजे अण्णा भाऊंच्या वयाच्या बत्तीसाव्या वर्षी.

मांगाच्या वाट्याला गावगाड्यानं काय दिलं? दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, राखण करायची, आन् वाजवायचं. हलगी, घुमकं, कैताळ, सनई. लग्न असो, जत्रा असो, बैल असो, मढं असो. वाजवल्याशिवाय पाटलाच्या पोरीला हळद लागत नव्हती. पण वाजवणारा मांडवाच्या बाहेर. त्याचा ताल चालायचा, सावली चालायची नाही. पंगती उठल्या की टोपलीत काय पडेल ते.

माझा बाप ह्यातलाच. मी लहान असताना त्याच्याबरोबर जायचो, गवत गोळा करायला. हलगी म्हणजे काय असते, ज्यांनी नुसती रीलमध्ये बघितलीय त्यांच्यासाठी सांगतो. एक कडं असतं, त्यावर ताणून बसवलेलं कातडं. एका हातात बारीक लांब काडी, दुसऱ्या हातात आखूड जाड टिपरी. पाऊसपाण्याची हवा असली की कातडं ढिलं पडतं, आवाज बसतो. मग वाळल्या गवताचा जाळ करायचा आन् हलगी त्याच्यावर फिरवत शेकायची. अंगठ्यानं टिचकी मारून बघायची. बोलली की उठायचं. ते गवत आणायचं काम माझं. एका लग्नात भर पावसात रात्रभर वाजवलं बापानं, गवत भिजलं, तर मांडवातलं पेटतं लाकूड मागितलं. तेव्हा एक म्हातारा ओरडला, लांबून टाक रे त्यांच्याकडं! लाकूड फेकलं. ठिणग्या माझ्या पायावर. बापानं ते उचललं, हलगी शेकली आन् वाजवायला लागला. मला आजही कळत नाही तो इतका चांगला कसा वाजवत होता त्या रात्री.

पुढं माझ्या लग्नात बापानं हलगी वाजू दिली नाही. म्हणाला, आपल्या दारात आपलाच माणूस बाहेर बसवायचा का? तालुक्याचा बँड आणला. बँडवाले उतरले गाडीतनं, तर सगळे आपलेच निघाले. बाप हसला. मग सगळ्यांना मांडवात बसवून आधी जेवायला घातलं.

असो. अण्णा भाऊंकडं येतो.

शाळा दीड दिवस. हे वाक्य आपण फार अभिमानानं सांगतो, दीड दिवस शाळेत गेले आन् रशियापर्यंत पोचले, टाळ्या! मला त्या टाळ्यांचा राग येतो. दीड दिवसात पोरगं शाळेतनं बाहेर का पडलं हे कुणी विचारत नाही. अस्पृश्याचं पोर, हातावर मार, ह्यापलीकडं शाळेनं काय दिलं त्याला? ‘स्वयंशिक्षित’ हा शब्दही मला संशयाचा वाटतो. कौतुकाचा दिसतो, पण त्यात हाकलणाऱ्याचं नाव खाल्लेलं असतं. आन् स्वतःच शिकले म्हणजे एकट्यानं शिकले असंही नाही. जत्रेत शिकले. भावकीतल्या बापू साठ्यांचा तमाशा होता, त्यात शिकले. ढोलकीवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसले की हात कुठं पडतो ते दिसतं. ती शाळाच होती. फक्त तिचा दाखला कुठल्या नोकरीला चालत नव्हता.

१९३१-३२च्या सुमाराला बापाबरोबर घर निघालं मुंबईला. चालत. गाडीभाड्याला पैसा नाही. बाप भाऊराव मुंबईत साहेबांच्या बागेत माळीकाम करायचा. अकरा-बारा वर्षांचं पोर वाळव्यापासनं मुंबईपर्यंत पायी, वाटेत मिळेल ते काम करत. मग मुंबईत हमाली, बूटपॉलिश, हॉटेलात पोऱ्या, कोळसा वाहणं, कुणाचं कुत्रं सांभाळणं, गिरणीत कामगार. अक्षरं तिथं शिकले. दुकानाच्या पाट्या वाचत, सिनेमाच्या पोस्टरवरची नावं जुळवत. विचार करा, मराठीतला एवढा मोठा लेखक, त्याची अंकलिपी म्हणजे भिंतीवरच्या जाहिराती.

मधल्या काळात गावी येऊन बापू साठ्यांच्या फडात उतरणं, पुन्हा मुंबई, असं चाललं. आन् मग माटुंग्याचा लेबर कॅम्प. ह्या लेबर कॅम्पवर कुणीतरी नीट पुस्तक लिहायला पाहिजे. महाडच्या सत्याग्रहाची तयारी करणारे रा. ब. मोरे, जे नंतर कम्युनिस्ट झाले, त्यांच्यासारखी माणसं तिथं राबत होती. आंबेडकर आन् लाल बावटा, दोन्ही एकाच गल्लीत, एकाच नळावर भांडत. आज आपण पुस्तकातनं जे वाद घालतो ते तिथं बादली भरेपर्यंत व्हायचे.

त्या लेबर कॅम्पात अण्णा भाऊंनी जे पहिलं गाणं रचलं ते कशावर, सांगा? क्रांतीवर? शिवाजी महाराजांवर? नाही. मच्छरावर! लेबर कॅम्पातल्या डासांवर पोवाडा. पोवाडा म्हणजे वीराचं गाणं, राजाच्या लढाईचं. हा गडी तो घेतो आन् डासावर लावतो. मला वाटतं सगळा अण्णा भाऊ ह्यात आहे. ज्यानं झोपडीत रात्र काढलीय त्याला ठाऊक आहे की डास हा राजकीय प्राणी आहे. गटार कुणाच्या दारात आहे त्यावर तो कुणाचं रक्त पिणार हे ठरतं. लोक हसले असणार. हसता हसता मान खाजवली असणार. एवढं झालं की गाणं जमलं. माझी पोरांना विनंती आहे, तुम्ही रॅप करता, गाणी करता, पहिलं गाणं ‘क्रांती क्रांती’ करू नका. तुमच्या वस्तीतला डास शोधा.

मग स्टालिनग्राड. १९४३च्या फेब्रुवारीत हिटलरची फौज तिथं शरण आली. माटुंग्यातला मांगाचा पोरगा, ज्यानं मुंबईच्या पलीकडचा नकाशा बघितला नव्हता, तो स्टालिनग्राडचा पोवाडा लिहितो. गिरणीच्या फाटकावर गातात. लोकांना रशिया कुठं माहीत? पण वेढा माहीत होता, भूक माहीत होती, घर न सोडणं माहीत होतं. बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली, त्यावरही त्यांनी पोवाडा केला. १९४४ला लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णा भाऊ, अमर शेख आन् गव्हाणकर. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी सभा चालू. अण्णा भाऊ लिहिणार, वाजवणार, नाचणार, सोंग काढणार. एक मांग, एक मुसलमान. गावात ह्या दोघांना एका विहिरीवर पाणी भरता आलं नसतं.

तमाशाचं त्यांनी काय केलं हे जरा सावकाश सांगतो, कारण पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. जुन्या तमाशाची मांडणी ठरलेली. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण, म्हणजे कृष्ण, पेंद्या, मावशी, बाजाराला निघालेल्या गवळणी. मग बतावणी. मग वग. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडी. तुणतुणं बघितलंय? एक पोकळ डबा, खाली कातडं, बाजूला काठी, एक तार, एक खुंटी. बास. गरिबाला परवडेल असं तंतुवाद्य जगात दुसरं नसेल. अण्णा भाऊंनी ही सगळी चौकट ठेवली. ढोलकी ठेवली, तुणतुणं ठेवलं, झीलकरी ठेवले. गणपती काढला. त्याच्या जागी मायभूमी आली, तिच्यासाठी मेलेले हुतात्मे आले. कृष्ण-गवळण गेली. राजाच्या वगातला राजा गेला, सावकार आला, मिलमालक आला. ‘अकलेची गोष्ट’मध्ये बघा, ‘माझी मुंबई’त बघा. लोक ओळखीच्या चालीवर मान डोलवायला लागतात आन् तेवढ्यात शब्द कानाखाली बसतात.

स्वातंत्र्य आल्यावर मुंबईच्या काँग्रेस सरकारनं ह्यांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशावर बंदी. तेव्हा अण्णा भाऊ म्हणाले, हा तमाशा नव्हे, हे लोकनाट्य! पाटी बदलली, ढोलकी तीच. आज विद्यापीठात ‘लोकनाट्य’ म्हणून एक विषय असतो, त्यावर पीएच.डी. मिळते. तो शब्द रुळला कसा, तर पोलिसाला चुकवण्यासाठी. हे गाइडला सांगून बघा.

इथं मला एक अडचणीची गोष्ट काढायची आहे. टाळता आली असती, पण शिबिर आहे, जयंतीचा मंडप नाही. ह्याच वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष आहे. तिथं १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मला, तो पठ्ठे बापूराव. ब्राह्मणाचा पोरगा, तमाशाच्या नादानं कुलकर्णीपण सोडून फडात शिरला. महारांच्या, मांगांच्या फडात उठला-बसला, पवळाबाईबरोबर राहिला. पवळा महाराची. तिच्या पायावर त्याची लावणी उभी राहिली. त्याचं धाडस मी कमी मानत नाही. शेवटी दारिद्र्यात गेला तो १९४५ला. पण गोष्ट पुढं आहे. महाडच्या लढ्यासाठी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देतो म्हणून पठ्ठे बापूराव बाबासाहेबांकडं गेले, आन् बाबासाहेबांनी ते नाकारलं, अशी आठवण सांगतात. आमच्या बायका नाचवून मिळालेला पैसा मला नको, हा त्याचा मतलब.

मग आता? बाबासाहेब चूक की अण्णा भाऊ चूक? तुमचे दोस्त बाबासाहेबांची बाजू घेतात, बाप अण्णा भाऊंची. मी बरीच वर्षं ह्यात अडकलो होतो. मला आता असं दिसतं की बाबासाहेबांनी ढोलकी नाकारली नव्हती. त्यांच्याच चळवळीत भीमराव कर्डकांचे जलसे झाले, खेडोपाडी ढोलकीवरच बाबासाहेब पोचले. त्याच्या आधी ह्या सातारा जिल्ह्यात सत्यशोधकांचे जलसे गाजले होते, भटजी-शेटजीची सोंगं काढत. बाबासाहेबांनी नाकारलं ते हे की वाजवणारा, नाचणारी आपली, आन् दौलतजादा करणारा हात दुसऱ्याचा, हुकूम दुसऱ्याचा. तो हात अण्णा भाऊंनाही नको होता. ‘वैजयंता’ कादंबरी वाचा, तमाशातल्या बाईची आहे. फडात वाढलेला माणूसच ती लिहू शकतो. गल्ल्याजवळ बसणाऱ्याला दिसत नाही ते त्यात आहे.

पलीकडच्या जगातही हेच भांडण झालंय. अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा एक गडी होता, ओक्लाहोमाचा, १९१२चा जन्म. तिकडं धुळीच्या वादळांनी शेती उडाली, माणसं कॅलिफोर्नियाकडं निघाली, हाही निघाला. गिटार असाच इकडंतिकडं बघून शिकला. जुन्या लोकगीतांच्या चाली उचलायच्या आन् त्यात भाडेकरूचं, खाणकामगाराचं, हाकललेल्या शेतकऱ्याचं गाणं भरायचं. महायुद्धात त्यानं गिटारवर लिहून ठेवलं होतं की हे यंत्र फॅसिस्टांना मारतं. त्याच सुमाराला इकडं लेबर कॅम्पात स्टालिनग्राडचा पोवाडा चालू होता. गथ्री १९६७ला गेला, अण्णा भाऊ १९६९ला. पण मला दोघांत एक फरक दिसतो. गथ्रीनं गिटार घेतली ती आवडली म्हणून. गिटारला जात नव्हती. हलगीला आहे. तुम्ही ती उचलायच्या आधी तीच तुम्हाला उचलते. आपल्याला जवळचा आहे तो त्यांच्याकडचा बँजो. तो आफ्रिकेतनं गुलाम म्हणून नेलेल्या काळ्यांनी घडवला. मग गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून, बँजो वाजवत काळ्यांची टिंगल करणारे खेळ शंभर वर्षं चालवले. शेवटी काळ्यांनाच त्या वाद्याची लाज वाटायला लागली, त्यांनी ते खाली ठेवलं. आता त्यांची तरुण पोरं-पोरी पुन्हा उचलतायत, म्हणतात आमचं आहे ते आम्हाला परत द्या. ब्लॅक पँथरचं नाव आपण घेतो, १९७२ला त्या नावावरनंच आपल्याकडं पँथर उभी राहिली. बँजोची गोष्ट मात्र आपल्याकडं कुणी सांगत नाही.

आता ‘माझी मैना’. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली छक्कड. तुम्हाला पाठ असेल, मी म्हणत नाही, माझा आवाज चांगला नाही. मुंबईला पोट भरायला आलेला गडी गावाकडं राहिलेल्या बायकोला आठवतो. एवढंच. ऐकणाऱ्याला वाटतं शृंगाराची लावणी. गिरणगावातला प्रत्येक घाटी असाच एकटा खोलीत नऊजणांत झोपणारा, त्याचा जीव गलबलतो. आन् मग कळतं की ही मैना म्हणजे तुटलेला मुलूख पण आहे. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. नकाशावरची रेघ त्यांनी नवरा-बायकोच्या ताटातुटीत नेऊन ठेवली. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. बेळगाव-कारवार आले नाहीत. आन् मैनेचं काय झालं? वाळव्यातनं, खटावातनं, माणातनं माणसं मुंबईला जातच राहिली. राज्य मराठी झालं, मैना गावालाच राहिली. पुढाऱ्यांनी बंगले बांधले. अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत.

तिथंच ‘फकिरा’ लिहिली, १९५९ला आली. अर्पण कुणाला? बाबासाहेबांच्या लेखणीला. कम्युनिस्ट माणूस, कार्डवाला, आन् पुस्तक बाबासाहेबांना. बाबासाहेबांवरचं त्यांचं गाणं आज १४ एप्रिलला गल्लीगल्लीत वाजतं. वाजवणाऱ्यांतल्या कितीकांना ते कुणाचं हे ठाऊक नसतं. १९५८च्या मार्चमध्ये पहिलं दलित साहित्य संमेलन मुंबईत झालं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर नाही, कष्टकरी दलितांच्या तळहातावर उभी आहे, असं त्यांनी तिथं सांगितलं. तळहात म्हणाले, बघा. मेंदू म्हणाले नाहीत, लेखणी म्हणाले नाहीत. ढोलकीवर पडणारा असतो तोच तळहात.

१९६१ला ‘फकिरा’ला सरकारी बक्षीस मिळालं, त्याच वर्षी रशिया बघून आले, प्रवासवर्णन लिहिलं. आन् घर? चिरागनगरची झोपडी. शेवटी शेवटी गोरेगावला सरकारनं जागा दिली. १८ जुलै १९६९ला तिथं गेले. पन्नाशीही गाठली नाही. दारू, एकटेपण, पैशाची चणचण, हे सगळं होतं, आपण लपवू नये. पुस्तकं खपत होती, त्यांवर सिनेमे निघत होते, लिहिणारा उधारीवर जगत होता. २९ ऑगस्टला अमर शेख मोटार अपघातात गेले. बरोबर सहा आठवडे. लाल बावट्याची दोन गळी सहा आठवड्यांत बंद झाली, आन् तीन वर्षांनी पँथर आली. मला नेहमी वाटतं, ही तीन वर्षं मधी नसती तर? पँथरच्या मोर्च्यात अण्णा भाऊ ढोलकी घेऊन आले असते. कदाचित आमची भांडणं बघून परतही गेले असते.

आमची भांडणं म्हणजे, आता बोलूनच टाकतो. निळ्यांनी बराच काळ त्यांना लाल म्हणून लांब ठेवलं. लालवाल्यांनी जातीचा प्रश्न पोटात घातला आन् त्यांना ‘कामगारांचा शाहीर’ एवढंच ठेवलं. महार-मांग हा झगडा तर आपल्या घरातला, चुलीपर्यंत गेलेला. मग मधल्या मोकळ्या जागेत कुणीही येऊन हार घालतो. २००२ला त्यांचं टपाल तिकीट निघालं, चार रुपयांचं. २०२२ला मॉस्कोत पुतळा बसला, महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री जाऊन अनावरण करून आले, आन् तो पक्ष लाल बावट्याचा नव्हे. पुतळ्याला माझी ना नाही. पण त्यांचं पुस्तक गावच्या वाचनालयात मागा, आन् काय उत्तर येतं ते बघा. मी मागितलं होतं. कपाटाला कुलूप होतं, किल्ली एका सदस्याकडं होती, सदस्य जयंतीच्या वर्गणीला गेले होते.

तर पोरा, तुझा प्रश्न. वाजवू का नको?

मी तुला एवढं सांगतो. बेंदराला बोलावणं येईल तेव्हा विचार, सुपारी किती? आकडा आधी. दुसरं, मला कुठं बसवणार, पाणी कुठल्या भांड्यातनं देणार? तिसरं, मी नाही आलो तर काय होईल? ह्या तिसऱ्याचं उत्तर ‘काही नाही’ असं आलं तर ती कला आहे, जा, हात तुटेस्तोवर वाजव. उत्तरात नुसती मान हलली, डोळे वटारले, ‘तुझ्या बापाला विचार’ असं आलं, तर समज की ती वेठ आहे, आन् हलगी खाली ठेव. एकटा ठेवू नको, चौघांनी मिळून ठेवा, एकट्याला मारतात. पण खाली ठेवलेली हलगी फेकू नको. माझ्या बापानं रागानं आढ्याला टांगली होती, दहा वर्षांनी काढली तर उंदरांनी कातडं खाल्लेलं, नुसतं कडं राहिलं. ते कडं अजून माझ्या घरात आहे. माझ्या पोरीनं परवा त्यावर नवीन कातडं चढवून आणलं. ती वाजवते. आमच्या घराण्यात बाईनं हलगी वाजवल्याचं हे पहिलंच. बाप असता तर काय म्हणाला असता, मी नक्की सांगू शकत नाही. बहुतेक गवत आणायला पळाला असता.

तुला एवढ्यानं पटलं नसेल तर रात्री जेवताना बोलू. तुझ्या वडलांनाही बोलाव.

तिकडं मागं दोघंतिघं हलग्या घेऊन बसलेत, मला मघापासनं दिसतायत. हवा पावसाची आहे, कातडी ढिली पडली असतील. कुणीतरी उठा आन् वाळलं गवत बघा. मी थांबतो.